पुतण्याला मांडीवर घेतलं, नोटरीही केली; तरी शाळा नाव बदलत नाही

प्रश्न : नागपूरला मानेवाडा भागात राहतो. माझं वय ४१, पत्नीचं ३८, मुलगी ९ वर्षांची. धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याचा सहा वर्षांचा मुलगा तेव्हापासून आमच्याकडेच आहे. भावजयीचं दुसरं लग्न ठरत आहे. दसऱ्याला काटोलच्या घरी नातेवाइकांसमोर तिने मुलाला माझ्या पत्नीच्या मांडीवर दिलं, मग पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली. शाळा म्हणते, हा कागद चालत नाही. मित्र म्हणतो, ‘कारा’त (दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी केल्याशिवाय दत्तक होतच नाही. आईचा विरोध आहे. संत्र्याच्या बागेतला नातवाचा वाटा जाईल अशी तिला भीती वाटते. भावजयीने बागेतला हक्क सोडायचा आणि तिच्या लग्नाचा खर्च आम्ही करायचा, असं ठरलं आहे. हेही दत्तकपत्रातच लिहावं का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण खरा धोका तिथे आहे. लिहू नका. नुसतं लिहू नका असं नव्हे, तसं ठरवूही नका. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम १७ नुसार दत्तकाच्या मोबदल्यात पैसे किंवा बक्षीस देणं, घेणं आणि तसं कबूल करणंही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुमच्या मनात सौदा नसेलही, पण एकाच कागदावर ‘मुलगा दिला, हक्क सोडला, खर्च मिळाला’ असं लागोपाठ आलं की वाचणाऱ्याला मुलाची किंमतच दिसणार.

आता बागेचं. भाऊ मृत्युपत्र न करता गेला असेल, तर त्याच्या हिश्श्याला त्याच दिवशी तीन वारस लागले : आई, पत्नी आणि मुलगा, तिघांना सारखा वाटा. भावजयीने दुसरं लग्न केलं म्हणून तिला मिळालेला वाटा परत जात नाही. मुलाचंही तसंच. कलम १२ नुसार दत्तक जाण्याआधी मुलाकडे आलेली मिळकत त्याच्याचकडे राहते. सातबाऱ्यावर तिघांच्या नावाने वारस फेरफार झाला आहे का ते पाहा. झाला नसेल तर तलाठ्याकडे आधी तो करून घ्या आणि तो उतारा आईच्या हातात द्या. दत्तकानंतर मुलाचे नैसर्गिक पालक तुम्ही व्हाल, पण त्याची वारसाने आलेली जमीन न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. तुमच्या आईच्या संमतीची मात्र कायद्याला गरज नाही. वडील हयात नसताना मूल दत्तक देण्याचा अधिकार जन्मदात्या आईचा, आजीचा नव्हे.

तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धंच खरं आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ५६ स्वतःच सांगतं की हिंदू दत्तक कायद्याखाली झालेल्या दत्तकाला तो कायदा लागू नाही. हिंदू दत्तक कायद्याच्या अटींत तुम्ही बसता : तुम्ही दोघंही हिंदू (यात बौद्ध, जैन, शीख आले), मूल पंधराच्या आतलं, अविवाहित, आणि तुम्हाला मुलगा, नातू वा पणतू नाही. मुलगी आहे, पण तुम्ही मुलगा दत्तक घेत आहात, त्यामुळे तिची आडकाठी नाही. तुम्हाला एक मुलगा असता तर हा रस्ता बंद होता. अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा आपोआप लागू होत नाही. विदर्भात हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

ज्यांना हा रस्ता बंद, त्यांच्यासाठी बाल न्याय कायद्याचा रस्ता आहे, धर्म कोणताही असो. त्यात ‘नातेवाईक’ म्हणजे फक्त काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभावाचं मूल त्यात बसत नाही. ‘कारा’च्या कॅरिंग्ज पोर्टलवर नोंदणी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून चौकशी, जन्मदात्यांची लेखी संमती, मूल पाच वर्षांवरचं असेल तर त्याचीही संमती, आणि मग आदेश. २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, म्हणून अर्ज कुठे द्यायचा हे कक्षात विचारूनच तो तयार करा. नातेवाइकाचं मूल अनाथ किंवा निराधार नाही म्हणून अर्ज फेटाळला, तर नागपूर खंडपीठाचा २०२२ चा यवतमाळच्या प्रकरणातला निकाल दाखवा. मूल त्या प्रकारचं नसलं तरी नातेवाइकाला दत्तक घेता येतं, असं त्यात म्हटलं आहे.

आता तुमचा नोटरीचा कागद. अशा कागदात बहुतेक वेळा वाक्य असतं, ‘मुलाचा सांभाळ व शिक्षण करण्यासाठी ताब्यात दिला.’ तुमच्याही कागदात तेच असेल, तर तो दत्तकाचा पुरावा नाही, सांभाळाचा आहे. उलट विरोधकाच्या हातात तो उपयोगी पडेल. सही फक्त भावजयीची आणि तुमची असेल, तर पत्नीची संमती कुठेच नाही. ‘घीसालाल विरुद्ध धापूबाई’ (२०११) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समारंभाला पत्नी नुसती हजर होती एवढ्याने तिची संमती मानता येत नाही.

गंमत अशी की तुमचं दत्तक बहुधा झालेलं आहे! दत्तक कागदाने होत नाही, प्रत्यक्ष देण्या-घेण्याने होतं. दत्तहोमही (दत्तकाच्या वेळचा होमविधी) सक्तीचा नाही. दसऱ्याला मूल या घरातून त्या घरात द्यायचं म्हणूनच मांडीवर दिलं असेल, तर दत्तकाची तारीख तीच. आता करायचं ते दत्तकपत्र झालेल्या गोष्टीची नोंद म्हणून. त्यात दसऱ्याची तारीख, जागा, हजर माणसं, कोणी दिलं आणि कोणी घेतलं, हे सरळ लिहा. कागदावरची तारीख मागची टाकू नका. ज्या दिवशी सह्या कराल तीच लिहा. नोंदणीची चार महिन्यांची मुदत सह्यांपासून मोजतात, समारंभापासून नव्हे. भावजय ‘दत्तक देणार’, तुम्ही ‘दत्तक घेणार’, पत्नीचं संमतीचं कलम वेगळं आणि तिची सही, भावाच्या मृत्यू दाखल्याचा क्रमांक, दोन साक्षीदार. एक साक्षीदार भावजयीच्या माहेरकडचा घ्या, पुढे ‘जबरदस्तीने घेतलं’ हा आरोप टिकत नाही.

मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. कायदा ती सक्तीची करत नाही, तरी कराच. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचं नोंदणीकृत दत्तकपत्र समोर आलं की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत दत्तक कायदेशीर झालं असं न्यायालयाने मानायचं, असं कलम १६ सांगतं. नोटरीला हे बळ नाही. भावजयीच्या लग्नाआधी उरका. लग्नानंतर तिचा अधिकार जातो असं कलम ९ कुठेही म्हणत नाही, पण लोक वाद घालतात. तिलाही स्पष्ट सांगा की वैध दत्तक कलम १५ नुसार रद्द करता येत नाही. वर्षभराने मूल परत मागता येणार नाही. भेटीगाठी मात्र तुमच्या मर्जीवर राहतील, त्या तोडू नका.

दत्तकपत्राच्या चार-पाच प्रमाणित प्रती काढा. पहिली जन्मदाखल्यासाठी, जिथे जन्म नोंदला त्या कार्यालयात. नागपूर महापालिका असेल तर झोन कार्यालयात विचारा. दाखला बदलला की त्यावरून आधार, मग शाळा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला बदल मुख्याध्यापक शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने करतात, म्हणून हा क्रम उलटा करू नका. कार्यालयाने ‘कोर्टाचा आदेश आणा’ म्हटलं तर तोंडी वाद घालू नका. नकार लेखी मागा. दत्तक जाहीर करून मागण्याचा दिवाणी दावा लावायची वेळ आलीच, तर तो कागद लागेल.