इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू आवळायचं मशीन) घेतोयस तर
अरे टॉर्कच्या, म्हणजे फिरवायच्या जोराच्या, आकड्यामागे धावू नको, १८ व्होल्टचा ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचा), १५०-१८० न्यूटन मीटरवाला घे, पत्र्याचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, चौकटी, सगळं आरामात होतं. खरा खर्च बॅटरीचा, म्हणून आधी ठरव पुढे ग्राइंडर-हॅमर कुठल्या कंपनीचे घेणार, त्याच कंपनीचा हा पण घे म्हणजे बॅटरी सगळ्यांना चालते, आणि म्हापसा नाहीतर मडगावला सर्व्हिस मिळते का ते विचारून ठेव. काँक्रीटला भोकं पाडायला हा नाही हां! ह्याचे ठोके फिरवायच्या दिशेने बसतात, पुढे नाही, तिथे एसडीएस हॅमरच (पुढे ठोके मारणारं ड्रिल) लागतो. बिट (पुढे लावायची स्क्रू फिरवायची टोकं) इम्पॅक्टवालेच घे, साधे पटापट तुटतात. आणि पावसात साइटवर उघडा टाकू नको, आपल्याकडची दमट हवा माहितीये ना, बिट गंजून जातात.