प्राचीन ग्रीसमधल्या खेडुताचं जमिनीतून काय निघतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अथेन्स, तिथलं पार्थेनॉन मंदिर, सॉक्रेटिस यांच्यावर ढीगभर वाचायला मिळतं, पण त्याच काळात शेतात राबणाऱ्या माणसाचा काही पुरावा सापडतो का, की सगळं हेसिओद या प्राचीन कवीच्या शेतीवरच्या काव्यावरून बांधलेले अंदाज?

सापडतो, आणि बऱ्यापैकी सापडतो. फक्त तो नक्की कुणाचा आहे हे तपासून घ्यावं लागतं. 'साधा शेतकरी' म्हणून जो आपल्यापुढे उभा केला जातो, तो बरेचदा तितका साधा नसतो.

या शोधाला उशीर झाला हे खरं. एकोणिसाव्या शतकात खणायला आलेल्यांना संगमरवर हवा होता. मातीच्या विटांची घरं कोण खणणार? अथेन्सभोवतीच्या ॲटिका प्रांतातली शेतावरची घरं नीट खणून प्रसिद्ध व्हायला १९६०चं दशक उजाडलं. त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते वारीचं घर. (हो, गावाचं नाव वारीच. पंढरीशी संबंध नाही.) अथेन्सच्या दक्षिणेला, हिमेटॉस डोंगराच्या टोकाशी हे ठिकाण आहे. १९६६ साली तिथे उत्खनन झालं. घर इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं, साधारण साडेसतरा मीटर लांब आणि पावणेचौदा मीटर रुंद. दगडी जोतं, वर कच्च्या विटांच्या भिंती, मधे अंगण, उत्तरेच्या अंगाला खोल्यांची रांग आणि त्यांच्यापुढे दक्षिणेकडे तोंड करून ओसरी, म्हणजे हिवाळ्यात ऊन आत येईल. एका कोपऱ्यातल्या भिंती बाकीच्यांपेक्षा जाड आहेत. तिथे बुरूजवजा दुमजली खोली असावी.

या घरातली खरी गंमत खापरांत आहे. काही लांबट भांड्यांच्या आतल्या बाजूला, तीही अर्ध्याच भागात, कंगव्याने ओढाव्यात तशा रेघा आहेत. स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कुणी अशा रेघा मारत नाही. ही मधमाश्यांची पोळी बसवायची भांडी निघाली. भांडं आडवं ठेवायचं, रेघांची बाजू वर, म्हणजे पोळं त्या खडबडीत भागाला धरून खाली लोंबतं. सोबत झाकणं आणि मातीची गोल कडीही मिळाली. भांड्याच्या तोंडाला कडं जोडलं की माश्यांना पुढे जागा मिळते, तिथे त्या मध साठवतात, आणि अळ्यांच्या भागाला हात न लावता तेवढाच मध काढून घेता येतो. पुढे दुसरीकडच्या अशाच भांड्यांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा मातीत मुरलेल्या मेणाचे अंश सापडले. हिमेटॉसचा मध प्राचीन काळी नावाजलेला होता हे ग्रंथांतून ठाऊक होतंच. तो काढायचा कसा, हे मात्र या खापरांनी सांगितलं. दुसऱ्याच्या पोळ्यांपासून तीनशे फुटांच्या आत आपली पोळी ठेवू नयेत असा अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याचा नियम चरित्रकार प्लुटार्कने नोंदवला आहे. शेजाऱ्यांची भांडणं झाल्याखेरीज असे नियम कुणी करत नाही.

याच घराच्या वरच्या अंगाला पॅन हा गुराख्यांचा देव आणि अप्सरा यांची गुहा आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात थेरा बेटावरून आलेल्या आर्केडेमॉस नावाच्या माणसाने ती कोरून सजवली. स्वतःला तो अप्सरांनी झपाटलेला म्हणवतो. तिथल्या खडकात हातात हत्यारं घेतलेली त्याची स्वतःची ओबडधोबड आकृती आहे. कलाकुसर बेताचीच. पण मला त्याहून मोलाची वाटते ती तिथलीच एक कोरीव सूचना: आतडी बाहेर धुवा आणि शेण साफ करा. बळी दिलेल्या जनावराची घाण लोक तिथेच टाकून जात असणार. आपल्याकडच्या देवस्थानांच्या पाट्या वाचल्या असतील तर हा सूर ओळखीचा वाटेल.

वारीच्याच परिसरातल्या उघड्या खडकांवर इ.स.पू. सहाव्या शतकातल्या गुराख्या-मेंढपाळांनी कोरलेले लेख आहेत, दोन हजारांहून जास्त. नावं, फुशारक्या, चावट मजकूर, घोडे, जहाजं. मिकॉन नावाच्या एकाने चक्क मंदिराचं चित्र काढून त्याला 'हेकाटोम्पेडॉन', म्हणजे शंभर फुटी, असं नाव दिलंय आणि सोबत आपलं नावही कोरलंय. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आजच्या पार्थेनॉनच्या आधी ॲक्रोपोलिसवर, म्हणजे अथेन्समधल्या त्या मंदिरांच्या टेकडीवर, काय उभं होतं या जुन्या वादात एका मेंढपाळाची साक्ष दाखल झाली. लिहिता येणं ही शहरी श्रीमंतांचीच मक्तेदारी होती असं कुणी ठामपणे सांगू लागला, तर त्याला हे खडक दाखवावेत.

आता सर्वेक्षणांबद्दल. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रीसमधल्या बिओशिया, दक्षिण अर्गोलिड, केआ बेट अशा ठिकाणी अभ्यासक एका ओळीत, ठरावीक अंतर ठेवून शेतं तुडवत गेले आणि जमिनीवर दिसणारी खापरं मोजत गेले. अनेक भागांत अभिजात काळ (इ.स.पू. पाचवं-चौथं शतक) आणि त्यानंतरचं काही दशकांचं पर्व यांत लहान लहान ठिकाणं उदंड, आणि रोमन अंमल येईपर्यंत ती घटलेली, असं चित्र निघालं. पण खापरांचा पुंजका म्हणजे घरच, असं मानायचं का? माणसं गावठाणात राहून शेतावर जात होती की मळ्यातच वस्ती करून होती, यावर भांडण अजून मिटलेलं नाही. वस्त्यांच्या मधल्या रानात विखुरलेल्या खापरांबद्दलही तसंच: एक मत असं की घरचा कचरा उकिरड्यावर, तिथून शेणखताबरोबर शेतात, आणि खापरं त्यातून पसरली. हे मला पटतं, पण सगळीकडे लागू करू नये. नांगर आणि पाऊसही खापरं हलवतात.

शिवाय घर रिकामं सापडलं म्हणजे राहणारे गरीब होते, असंही नाही. इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टाचं सैन्य येणार म्हणून ॲटिकातले लोक शहरात आले तेव्हा त्यांनी घरांचं लाकूडकामसुद्धा उचकटून सोबत आणलं, असं त्या काळचा इतिहासकार थुसिडिडीस सांगतो. मागे उरलं ते जोतं.

आणि ज्यांच्या नावावर जोतंही नव्हतं त्यांचं काय? अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याच्या नावावर असलेल्या एका न्यायालयीन भाषणात शेतावरच्या घरावर चाल करून आल्याचा प्रसंग आहे. आलेल्यांनी पन्नास मेंढ्या आणि त्यांचा मेंढपाळ नेला. फिर्यादीची बायको मुलांसह अंगणात जेवत होती. दासी बुरुजात राहायच्या, त्यांनी तो आतून बंद केला. घरात एक म्हातारी दाई होती, दास्यातून मुक्त झालेली, नवरा वारल्यावर परत आश्रयाला आलेली. तिने आपला पाण्याचा पेला पदराआड लपवला. तो हिसकावताना तिला इतकं मारलं की सहाव्या दिवशी ती गेली. हे भाषण वाचल्यावर वारीच्या घरातला तो जाड भिंतींचा कोपरा वेगळा दिसतो. पण तिथे कोण झोपत होतं, हे खापरं सांगत नाहीत.

राहिला हेसिओद. तो पुरावा म्हणून चालतो, फक्त गरिबांचा प्रतिनिधी म्हणून नको. त्याचं गाव आस्क्रा हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात जाचक, असं तो रडगाणं गातो. सर्वेक्षणाने जी जागा आस्क्रा म्हणून ओळखली आहे ती मात्र चांगली नांदती वस्ती दिसते. संसाराला सुरुवात करताना आधी घर, मग नांगराचा बैल आणि विकत घेतलेली बाई हवी, असा त्याचा सल्ला आहे. ज्याला हे परवडतं तो खाऊनपिऊन सुखी शेतकरी, इतपतच त्याची साक्ष धरा.