फॉर्मॅलिनच्या बाटलीत हरवलेली कवचे

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांसह समुद्राचे पाणी आणून आम्ही त्यात नमुना टिकवणारे फॉर्मॅलिन घातले आणि दोन महिन्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. डायाटम हे एकपेशीय शैवाल भरपूर दिसले, परंतु चुन्याच्या चकत्यांनी मढलेले दुसरे एकपेशीय शैवाल, कॉकोलिथोफोर, एकही सापडले नाही. ते पाण्यात नव्हतेच, की आमच्या उपकरणाला दिसले नाहीत? त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच का लागतो, आणि तो असलेल्या प्रयोगशाळेत पाणी कसे पाठवावे?

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. डायाटमचे कवच सिलिकाचे असते, तर कॉकोलिथोफोरच्या चकत्या, म्हणजे कॉकोलिथ, कॅल्साइटच्या असतात; खडूही मुख्यतः याच खनिजाचा. फॉर्मॅलिन ठेवल्या ठेवल्या हळूहळू आम्ल होत जाते, आणि आम्लात सिलिका टिकते पण कॅल्साइट विरघळते. त्यामुळे ते आपल्या पाण्यात असले, तरी दोन महिन्यांत कवच जाऊन मागे एखादा ओळख न पटणारा गोल ठिपका उरला असेल. किनाऱ्यालगतच्या पाण्यात डायाटमचेच प्राबल्य असते, हेही खरे. तरीही अशा नमुन्यावरून ‘नाहीत’ असा निष्कर्ष काढू नये.

आता उपकरणाविषयी. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्यामुळे कितीही उत्तम भिंग घेतले तरी सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, १००० नॅनोमीटर) जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. एमिलियानिया हक्सलेयी या सर्वांत परिचित जातीचा कॉकोलिथ जेमतेम ३ मायक्रॉनचा असतो. त्याच्या कडेला सायकलच्या चाकासारख्या आऱ्या असतात, प्रत्येक आरीचे बाहेरचे टोक हातोडीसारखे रुंद झालेले असते आणि दोन आऱ्यांमध्ये बारीक फट असते. जात ओळखायची ती या आऱ्या-फटींवरून, आणि त्या प्रकाशाच्या मर्यादेवर किंवा तिच्याही खाली येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहतो; १० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.०१२ नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणून प्रकाशाची ती मर्यादा तेथे आड येत नाही. ट्रिग्वे ब्रारुड आणि नॉर्डली या संशोधकांनी १९५२ मध्ये याच जातीचे कॉकोलिथ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हापासून या विषयाची भाषाच बदलली. १९६० मध्ये पार्क आणि ॲडम्स यांनी तर दोन निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे जीव हे कॉकोलिथस पेलाजिकस या एकाच जातीच्या आयुष्यातील दोन अवस्था असल्याचे दाखवले. एका अवस्थेत मोठ्या, गुंतलेल्या स्फटिकांच्या चकत्या, तर दुसरीत अगदी बारीक, एकसारख्या स्फटिकांच्या. नुसत्या कवचावर विसंबून नावे देणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

पाठवायचे ते पाणी नव्हे, तर गाळणी. ताजे पाणी आणल्या दिवशीच ०.४५ किंवा ०.८ मायक्रॉन छिद्रांच्या पॉलिकार्बोनेटच्या गाळणीतून निर्वात पंपाच्या हलक्या ओढीने गाळावे. ओढ जास्त झाली की कवच फुटून चकत्या विखुरतात. खुल्या समुद्राचे लिटरभर पाणी सहज चालते. गढूळ पाण्यात मात्र गाळानेच गाळणी भरते, म्हणून थोडेच घ्यावे. पुढची पायरी सर्वांत नाजूक आहे. मीठ धुतले नाही, तर वाळताना त्याचे चौकोनी स्फटिक कवचांवर चढतात आणि चित्रात मिठाखेरीज काही उरत नाही. धुण्यासाठी साधे ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, तर ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल झालेले असते. म्हणून त्यात अमोनियाचा अगदी थोडा अंश घालून ते किंचित अल्कधर्मी करावे, झटपट धुवावे आणि गाळणी झाकणाच्या काचपात्रात वाळवावी.

प्रयोगशाळेत त्या गाळणीचा तुकडा धातूच्या छोट्या ठोकळ्यावर कार्बनच्या चिकटपट्टीने बसवून त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर चढवतात. कॅल्साइट वीजवाहक नसल्याने थराशिवाय त्यावर विद्युतभार साचतो आणि चित्र पांढरे पडून थरथरते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात कक्षात गेल्यावर मग पेशीच्या गोलावर एकमेकींत अडकलेल्या चकत्या दिसू लागतात. आपल्या अरबी समुद्रात आढळणाऱ्या जेफिरोकॅप्सा ओशियानिका या जातीच्या चकतीत तर मधल्या भोकावर तिरका पूल असतो. तो एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही.

तोवर महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाला ध्रुवणकाच्या, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या, दोन पट्ट्या नमुन्याच्या खाली व वर बसवून पाहाव्यात. एकमेकींना काटकोनात फिरवल्यावर पार्श्वभूमी काळी होते, आणि बऱ्याच जातींचे कॉकोलिथ तिच्यावर काळ्या फुलीसह उजळ चमकतात. जात कळणार नाही, पण कॅल्साइट शिल्लक आहे की नाही हे गाळणी पाठवण्याआधीच कळेल. काचपात्रावर तारीख, ठिकाण आणि पाणी किती खोलीवरून घेतले यांबरोबर गाळलेल्या पाण्याचे प्रमाण आठवणीने लिहावे. ते नसेल तर लिटरमागे किती पेशी होत्या, हे नंतर कोणालाही काढता येत नाही.