उत्तराखंडातल्या नंदादेवी शिखराच्या पायथ्याशी पोहोचायलाच गिर्यारोहकांना इतकी वर्षं का लागली?

कारण शिखराभोवती डोंगरांचं कडं आहे, गडाच्या तटासारखं. सलग, आणि त्यातला सर्वात खालचा भागही ५,००० मीटरच्या वर. आत शिरायला एकच फट : ऋषिगंगेची घळ. तीही उभ्या कड्यांची. १९३४ साली शिप्टन, टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक आणि तीन शेर्पा कड्यावरच्या अरुंद कंगोऱ्यांवरून, ओझी दोरानं ओढत त्या घळीतून आत पोहोचले. माझ्या मते खरा पराक्रम हाच. ७,८१६ मीटरचा माथा मग दोनच वर्षांत, २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि त्यांचे सहकारी गिर्यारोहक ओडेल यांनी गाठला. १९५० मध्ये नेपाळमधलं अन्नपूर्णा शिखर सर होईपर्यंत माणसानं चढलेलं हेच सर्वात उंच शिखर होतं. आता जायचा बेत असेल तर विसरा. १९८० च्या दशकापासून आतला भाग गिर्यारोहकांना बंद आहे.