न्यू जर्सीत घराजवळ लाल पानांचं छोटं मेपल लावायचं आहे, कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की सेंट्रल जर्सीत नवीन घर घेतलंय, आणि मेपल एक तर समोर ड्राइव्हवेच्या कडेला लावायचा विचार आहे, नाहीतर मागे जिथे आधीच्या मालकांचे भाजीचे वाफे होते तिथे. मी पण ह्याच भागात राहते आणि जपानी मेपल माझं अतिशय लाडकं झाड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जातीचं नंतर बघू, आधी जागा, कारण दोन्ही जागा मला पटलेल्या नाहीत.

भाजीच्या वाफ्यात तर प्लीज लावू नका. इकडे आपले लोक बॅकयार्डात लावतात काय, टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, बटाटे, आणि नेमकी ह्याच भाज्यांवर व्हर्टिसिलियम नावाची एक बुरशी येते जी मातीत वर्षानुवर्षं टिकून राहते. ती मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करून टाकते. मेपलला ती फार पटकन धरते. झाड छान दिसत असतं आणि ऐन उन्हाळ्यात एकच फांदी अचानक सुकते, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं असेल, मग पुढच्या वर्षी दुसरी फांदी जाते. ह्यावर फवारायचं औषध नाही, सुकलेली फांदी कापायची, पाण्याचा ताण पडू द्यायचा नाही आणि झाड तगतंय का बघायचं, बस. त्या वाफ्यांच्या जागी झाडच हवं असेल तर पाइन किंवा स्प्रूस लावा, त्यांना ही बुरशी होत नाही.

ड्राइव्हवेची कडा पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन, खालून तापलेलं डांबर आणि हिवाळ्यात बर्फावर टाकलेलं मीठ, तिन्ही एकदम. जुलै-ऑगस्टमध्ये पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, झाड मरत नाही पण ज्या पानांसाठी लावलं तीच बघवत नाहीत. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा शोधा, बहुतेक घरांना पूर्वेची बाजू बरोबर बसते. अगदी गडद सावलीत पण नको, कारण ऊन मिळालं नाही तर लाल पानं हिरवट पडतात.

आता जात. जपानी मेपलमध्ये उभं वाढणारं हवं असेल तर ब्लडगुड, १५ ते २० फूट होतं आणि पसरतंही जवळपास तेवढंच, त्यामुळे भिंतीला खेटून लावू नका. माझी पसंती एम्परर वनला आहे, कारण त्याला पालवी थोडी उशिरा फुटते आणि एप्रिलमधल्या उशिराच्या, गोठवणाऱ्या दहिवरातून कोवळी पानं वाचायचा चान्स जास्त. खिडकीखाली बुटकं, खाली झुकणारं, बारीक कातरलेल्या पानांचं हवं असेल तर क्रिमसन क्वीन किंवा तामुकेयामा. इथे नर्सरीत लेबल नीट वाचा बरं का, क्रिमसन क्वीन आणि क्रिमसन किंग ही दोन अगदी वेगळी झाडं आहेत, किंग म्हणजे नॉर्वे मेपल, ते ३५-४० फूट उंच जातं आणि नॉर्वे मेपल इकडच्या जंगलांत घुसून स्थानिक झाडांना हटवतं, ते कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि लाल पानांचा हट्ट सोडायची तयारी असेल तर पेपरबार्क मेपल एकदा बघाच, अर्नेस्ट विल्सन ह्या झाडं गोळा करणाऱ्या संशोधकाने १९०१ मध्ये चीनमधून पाश्चात्त्य बागांत आणलेलं, हळू वाढतं पण दालचिनीच्या रंगाची साल पापुद्र्यांनी सुटत असते आणि पानं गळल्यावर भर हिवाळ्यातसुद्धा त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं.

लावायला सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा एप्रिल चांगला. खणायच्या आधी ८११ ला फोन करा, गॅस आणि वीजवाले येऊन जमिनीवर खुणा करून जातात, पैसे लागत नाहीत. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच, जास्त नाही. खोड जिथे रुंद होऊन मुळं सुरू होतात तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे, कधीकधी नर्सरीच्या कुंडीतच तो मातीत गाडलेला असतो तर वरची माती हाताने काढून तो शोधा आणि गोल फिरलेली मुळं कापून मोकळी करा. आपल्याकडे चिकण माती बरीच ठिकाणी आहे, म्हणून खड्ड्यात आधी पाणी भरून बघा, दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर थोडा उंचवटा करून त्यावर लावा.

मल्च, म्हणजे मातीवर पसरायचा लाकडाचा भुगा-साल, २-३ इंच, आणि खोडापासून लांब. लँडस्केपिंगवाले खोडाभोवती वारुळासारखा ढीग करून ठेवतात, त्याने साल ओली राहून कुजते आणि मुळं वर येऊन खोडालाच आवळतात, तसा ढीग दिसला तर त्याच दिवशी मागे ओढा. तसंच लॉनवर तण मारणारं खत टाकणार असतील तर त्यात डायकॅम्बा हे तणनाशक आहे का विचारा, ते मेपलच्या मुळांपर्यंत पोचतं आणि पानं वेडीवाकडी होतात. पहिले दोन-तीन उन्हाळे पाऊस नसेल तर आठवड्यातून एक-दोनदा, होज अगदी बारीक सोडून, मुरेल असं पाणी द्या. खत जवळजवळ लागत नाही. कलमाच्या खालून हिरव्या पानांचे फुटवे आले तर लगेच काढा, ते खालच्या खुंटाचे असतात आणि वरच्या लाल झाडाला मागे टाकतात. हिवाळ्यात ससे खालची साल कुरतडतात आणि त्याआधी शरद ऋतूत हरणं शिंगं घासतात, तेव्हा खोडाभोवती थोडं अंतर ठेवून जाळी लावा.

पुण्या-मुंबईहून कोणी हे वाचत असेल तर, ह्या झाडाला पानं गाळून विश्रांती घ्यायला खरी थंडी लागते, तिकडे ती मिळत नाही, ऑनलाइन बियांवर पैसे घालवू नका.

घराची कुठली बाजू कुठल्या दिशेला आहे ते आणि दुपारी ३-४ च्या सुमाराला तिथे ऊन किती असतं त्याचा फोटो टाका, मग नेमकी जागा सुचवते.