जुन्या रेशमी वेडिंग गाऊनला हात लावण्याआधी

सुरुवातीलाच फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमधला हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेस केलीचा लग्नातला गाऊन अभ्यासायला घेतलास, फार छान केलंस. १९५६ चा हा गाऊन हेलन रोजने डिझाइन केला आणि एमजीएम या फिल्म स्टुडिओच्या कपडेपटात तो शिवला गेला. रेशीम, तलम जाळी, जुनी ब्रसेल्स लेस, बारीक मोती, सगळं एकाच कपड्यात. प्रत्येकाचं म्हातारपण वेगळं, हे आधी मनात पक्कं कर.

असा कपडा हँगरला कधीच लावायचा नाही. सगळा भार खांद्यांवर येतो आणि शिवण उसवण्याआधीच तिच्याजवळचं रेशीम फाटतं. आडवा ठेव, आणि प्रत्येक घडीत आम्लरहित टिश्यू पेपरची गुंडाळी सरकव. आजीच्या शालूला नेमक्या घडीवर चिरा पडतात ना, तेच दुखणं इथेही आहे. प्रकाश मंद, पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच असू दे; उजेडाने झालेली इजा कोणालाच भरून काढता येत नाही.

अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेव. अंगठीच्या खड्याची एक कड जाळीत अडकली की धागा सर्रकन ओढला जातो, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मग नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाल आणि आधी आतली बाजू बघ: अस्तर, टाके, जोड. शिवणाऱ्या हातांची खरी ओळख तिथेच होते.