टेबलावरचं झाड, बाटलीतलं पाणी

जून लागला की ऑफिसातल्या झाडांची पत्रं सुरू होतात. मे महिन्यात जुन्या कुंड्या होरपळलेल्या असतात, मग नव्या येतात आणि विकणारा जे जे बोलला ते सगळं ‘खरं का हो?’ म्हणून माझ्याकडे येतं. दरवर्षी तेच प्रश्न. म्हणून यंदा एकत्रच उत्तरं देते.

आमच्या सीताबर्डीच्या शाखेत भाड्यानं झाडं देणारा एक जण आला होता. दर शंभर चौरस फुटांना एक झाड ठेवा, हवा शुद्ध राहते, नासानंच सिद्ध केलंय, असं म्हणाला. घ्यावीत का?

झाडं घ्या, पण त्या कारणासाठी नको. नासाचा तो अभ्यास १९८९चा. अंतराळयानासारख्या बंद जागेतली हवा कशी शुद्ध ठेवावी, हा त्यातला प्रश्न होता. झाडं ठेवली होती ती काचपेटीसारख्या हवाबंद खोक्यांत. तुमच्या शाखेचं दार दिवसभरात किती वेळा उघडतं? अभ्यासात नासासोबत अमेरिकेतल्या झाडं लावून देणाऱ्या कंत्राटदारांची संघटना होती, हे तो विक्रेता सांगणार नाही. पुढे २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. साध्या इमारतीत हवा जितकी आपोआप खेळते, तितकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा हिशेब निघाला. म्हणजे कॅशियरला बसायला जागा उरणार नाही. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरीसारखी संस्था ज्या आपल्या नागपुरात आहे, तिथं हवेचा ठेका कुंड्यांना देऊ नका. खिडकी उघडा, एसीची जाळी धुवा. एवढ्यानंही कोंदट वाटत असेल, तर वायुवीजन कळणाऱ्या इंजिनिअरला बोलवा.

स्नेक प्लांट रात्रीही ऑक्सिजन देतो म्हणतात. वॉचमनच्या खोलीत ठेवू का?

ठेवा, पण ऑक्सिजनसाठी नाही. ही जात रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवते, इतकंच खरं. ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतोच. माणसाला दिवसाला सुमारे ५५० लिटर ऑक्सिजन लागतो, एका कुंडीकडून किती अपेक्षा करायची?

मग ऑफिसात झाडं ठेवून फायदा काय? आमचे साहेब म्हणतात, पैसे कशाला घालवायचे?

फायदा आहे, आणि तो नाकातून नाही, डोळ्यांतून येतो. जपानच्या ह्योगो विद्यापीठात ऑफिसात काम करणाऱ्या ६३ जणांवर एक साधा प्रयोग झाला. प्रत्येकानं आपल्या आवडीचं छोटं झाड निवडायचं, टेबलावर ठेवायचं, त्याला पाणी घालायचं आणि थकवा आला की तीन मिनिटं त्याच्याकडे बघायचं. अस्वस्थता मोजली तेव्हा ती कमी झालेली दिसली, काहींच्या नाडीचा वेगही उतरला. सगळ्यांना सारखा गुण आला नाही, हेही तितकंच खरं.

साहेबांना ‘१५ टक्के काम वाढतं’ हा आकडा कुणी सांगितला, तर तो कुठून आला तेही सांगा. २०१४ च्या त्या अभ्यासात झाडांच्या ऑफिसाची तुलना अगदी ओक्याबोक्या ऑफिसाशी होती. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही, अशा जागेत काहीही ठेवलं तरी बरंच वाटणार. माझं मत विचाराल, तर लॉबीतल्या भाड्याच्या वीस कुंड्यांपेक्षा प्रत्येकाच्या टेबलावर त्यानं स्वतः निवडलेली एक बरी. मात्र झोप उडाली आहे, छातीत धडधडतं आहे, असं असेल तर कुंडी नव्हे, डॉक्टर गाठा.

पानं पिवळी पडतात. शिपाई रोज न चुकता पाणी घालतो.

म्हणूनच पडतात. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीत आपली काळी माती भरली असेल तर ती आधी काढा.

आम्ही हिंगणा एमआयडीसीत बसतो. प्रत्येक टेबलावर बाटलीत मनी प्लांट आहे, रिसेप्शनला लकी बांबू. मागच्या पावसाळ्यात दोघांना डेंग्यू झाला. झाडांचा काही संबंध असेल का?

हा प्रश्न तुम्ही दोन माणसं आजारी पडल्यावर विचारताय. तुमच्याकडे डेंग्यू त्या बाटल्यांतूनच आला, असं न बघता म्हणता येणार नाही. पण संशय घ्यायला पूर्ण जागा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे बरोबर तुमच्या ड्युटीच्या वेळात. त्याला गटार नको, घरातलं-ऑफिसातलं स्वच्छ, साचलेलं पाणी हवं. बाटलीतला मनी प्लांट, लकी बांबूचा वाडगा, कुंडीखालची ताटली, ही सगळी त्याची हक्काची ठिकाणं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि नुसतं पाणी बदललं की झालं, असं समजणारे सगळ्यात जास्त. मादी अंडी चिकटवते भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून दर आठवड्याला, एक वार ठरवून, भांडं रिकामं करायचं, आतून ब्रशनं घासायचं, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवायची. दिवाळीत आठवडाभर ऑफिस बंद राहणार असेल तर कुलूप लावायच्या आधी हे करा. पाण्यात रॉकेलचे थेंब टाकायचा सल्ला कुणी देईल. डास मरेल आणि झाडही.

माझं ऐकाल तर बाटल्या काढूनच टाका. मनी प्लांट मातीत लावा, अर्धं कोकोपीट, अर्धं गांडूळखत, कुंडीच्या तळाला भोक. लकी बांबू मुळात बांबू नाहीच, ड्रॅसीना आहे, तोही मातीत वाढतो. पण दुकानदाराला काचेचा वाडगा आणि रंगीत गोट्याही विकायच्या असतात ना! महापालिकेचे लोक अळ्या तपासायला येतात तेव्हा कूलर दाखवता, टेबलं नाही दाखवत. तीही दाखवा. आणि कुणाला ताप आलाच तर मनानं अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, पपईच्या पानांचा रस काढत दोन दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रक्त तपासा.

माझ्या केबिनला खिडकीच नाही. कोणतं झाड जगेल?

प्लास्टिकचं. गंमत सोडा. झेडझेड किंवा अ‍ॅग्लोनिमाच्या दोन कुंड्या घ्या, एक केबिनमध्ये, एक खिडकीपाशी, दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स प्रकाश असतो, टेबलावर तीन-चारशे. सावलीतलं झाडसुद्धा त्यावर उपाशीच राहतं.

आमच्या ऑफिसात पाळणाघर आहे. डायफेनबेकिया चालेल?

नाही. पानांत सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, मुलानं चावलं तर तोंड-जीभ सुजते. तसं झालंच तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना, सोबत पान न्या.

मला दमा आहे. शेजारच्या टेबलावरच्या कुंडीनं त्रास वाढतो का?

ओल्या मातीवर बुरशी असेल तर वाढू शकतो. कुंडी लांब ठेवा आणि तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारा, मला नाही.

निवडुंग टेबलावर ठेवला तर वास्तुदोष लागतो का?

काटा लागतो.

उरलेलं आरओचं पाणी झाडांना घातलं तर वाचेल ना? आणि कूलरच्या टाकीतलं?

दोन्ही नको. आरओनं बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. कूलरच्या टाकीत तर पाणी उडत जातं आणि क्षार मागे साचत जातो, खसाच्या पडद्यावरचा पांढरा थर बघा. त्या पाण्यानं लादी पुसा. आणि पाऊस पडला की कूलर बंद होतो, टाकी मात्र दसऱ्यापर्यंत तशीच भरलेली राहते. ती आजच रिकामी करून घासा.